मोजून मिळणारं इंटरनेट: मीटर कसं वाचायचं आणि कंपनी एकच असेल तर काय करायचं

महिना संपायला आठवडा बाकी असताना 'तुमचा ९० टक्के डेटा वापरून झाला आहे' असा मेसेज येतो आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागतो. कुणी वापरला? कशावर? आणि कंपनीचा आकडा खरा कशावरून? कंपनीच्या ॲपमध्ये या प्रश्नांची उत्तरं सहसा नसतात. तिथं एक गोल असतो, त्यात एक आकडा असतो आणि खाली 'मोठा प्लॅन घ्या' असं ठळक बटण.

ज्यांनी पहिल्यांदाच डेटाची मर्यादा असलेलं घरचं कनेक्शन घेतलंय, किंवा दुसरा इलाज नाही म्हणून घ्यावं लागलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट कस्टमर केअरला फोन लावून भांडायला बसतात आणि हात हलवत परत येतात, कारण समोरच्याकडे आकडा असतो आणि आपल्याकडे फक्त राग. म्हणून आधी स्वतःचं मोजमाप, मग काटकसर, आणि त्यानंतर वाद, तक्रार, कंपनी बदलणं वगैरे.

सुरुवातीला एवढं समजून घ्या: ही मर्यादा असते कशासाठी

'जास्त वापर, जास्त पैसे' हे ऐकायला न्याय्य वाटतं, कारण आपण विजेचं बिल तसंच भरतो. पण विजेचं प्रत्येक युनिट तयार करायला काहीतरी जाळावं लागतं किंवा फिरवावं लागतं. डेटाचं तसं नाही. केबल एकदा जमिनीत गेली, यंत्रं एकदा बसली, की त्यातून शंभर जीबी गेले काय किंवा दोनशे गेले काय, कंपनीच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. खर्च वाढतो तो एकाच वेळी सगळे तुटून पडतात तेव्हा. रात्री नऊच्या सुमाराला अख्खा भाग व्हिडिओ बघत असतो, त्या गर्दीला पुरेल एवढी क्षमता कंपनीला उभी करावी लागते. पहाटे तीनला तुम्ही उतरवलेला गेम त्या क्षमतेतल्या रिकाम्या जागेतून जातो.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं, कारण त्या स्वतः ज्यांच्याकडून घाऊक इंटरनेट विकत घेतात तिथं बहुधा जीबीवर बिल होत नाही. तिथली रूढ पद्धत अशी: दर पाच मिनिटांनी वेगाची नोंद घ्यायची, महिनाभराच्या नोंदी उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या पाच टक्के सोडून द्यायच्या आणि त्यानंतर जो आकडा येईल त्यावर बिल करायचं. तीस दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्यातल्या ४३२, म्हणजे सगळ्यात गर्दीचे ३६ तास, माफ. घाऊक बाजारात गर्दीचा वेग मोजला जातो आणि किरकोळ गिऱ्हाईकाला मात्र महिन्याचे जीबी मोजून दिले जातात.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख आणि त्याआधी तिथल्या दूरसंचार नियामकाचे, म्हणजे एफसीसीचे, अध्यक्ष राहिलेले मायकेल पॉवेल यांनी २०१३च्या जानेवारीत जाहीरपणे मान्य केलं होतं की मर्यादांचा मुख्य हेतू गर्दी आवरणं हा नाही, जाळं उभारण्याचा मोठा खर्च गिऱ्हाइकांमध्ये वाटून वसूल करणं हा आहे. खर्च वसूल करणं हा काही गुन्हा नाही. पण मग ही मर्यादा म्हणजे तांत्रिक नाइलाज नव्हे, दर ठरवण्याची एक पद्धत आहे. आणि दराबद्दल बोलता येतं, तक्रार करता येते.

पायरी १: प्लॅनची बारीक अक्षरं वाचा

जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो. तुम्हाला हवं ते खाली, तारांकित ओळींमध्ये असतं. मर्यादा किती जीबी हे बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती संपल्यावर काय होतं. तीन प्रकार असतात. एक, वेग पार खाली आणतात. दोन, कनेक्शन बंद पडतं किंवा रिचार्ज मागतं. तीन, सगळं सुरळीत चालू राहतं आणि महिनाअखेरीला जादा वापराचं बिल येतं. तिसरा सगळ्यात धोक्याचा, कारण काही बिघडलंय हे कळतच नाही. त्यातही जादा डेटा बहुतेक वेळा ठोकात विकतात: ५० जीबीचा ठोक असेल तर एक जीबी वर गेलात तरी पूर्ण पन्नासचे पैसे.

मग हे विचारा. अपलोड धरतात का? बहुतेक ठिकाणी धरतात आणि लोकांना ते माहीत नसतं. मोजणी कोणत्या तारखेला शून्यावर येते? ती एक तारीखच असेल असं नाही, कनेक्शन सुरू झालं ती तारीखही असू शकते. उरलेला डेटा पुढच्या महिन्यात मिळतो का? रात्रीच्या ठरावीक तासांतला वापर मोफत आहे का?

कुठल्या सेवा मोजणीतून वगळल्या आहेत हेही बघून ठेवा. कंपनीची स्वतःची व्हिडिओ सेवा मोजली जात नसेल आणि इतरांची मोजली जात असेल, तर मर्यादा कुणाच्या सोयीची आहे ते वेगळं सांगायला नको. २०१२मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीची २५० जीबीची मर्यादा होती. एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर कॉमकास्टची स्वतःची व्हिडिओ सेवा बघितली तर डेटा धरला जायचा नाही, आणि त्याच एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्स बघितलं तर धरला जायचा. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी त्यावरून एप्रिलमध्ये उघड बोभाटा केला. पुढच्याच महिन्यात कॉमकास्टने ती मर्यादा स्थगित केली. अर्थात ती वेगळ्या आकड्यांनी नंतर परत आली, पण तो पुढचा भाग.

अमेरिकेत २०२४पासून कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत ठरावीक नमुन्याचा तक्ता दाखवावा लागतो आणि मर्यादा व जादा वापराचा दर त्यात लिहावाच लागतो. तुमच्याकडे असा नियम नसेल तर हे सगळे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

पायरी २: एककांचा घोळ निस्तरा

वेग बिटमध्ये, डेटा बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. त्यामुळे १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, लाइन सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणते. ती पूर्ण वेगाने चालवली तर एक टीबी, म्हणजे १,००० जीबी, सुमारे २२ तासांत संपतो. महिन्याची मर्यादा एका दिवसात संपवू शकेल असा वेग विकायचा आणि वर वापर जपून करा म्हणायचं, हा विनोद कंपन्यांच्या लक्षात येत नसावा.

दुसरा घोळ जीबीचाच. कंपनीचा जीबी सहसा १०० कोटी बाइटचा असतो. विंडोज मात्र १०७,३७,४१,८२४ बाइटना एक जीबी म्हणतं आणि बऱ्याच राउटरची पानंही तसंच करतात. फरक सात टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने १,००० जीबी झाले तेव्हा तुमच्या पडद्यावर ९३१ दिसतील, आणि दोन्ही आकडे बरोबर असतील. भांडायला जाण्याआधी हा फरक वजा करा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला तुमची तक्रार बाद होते.

पायरी ३: स्वतःचं मीटर लावा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच लोक गाळतात.

राउटरच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. 'स्टेटस', 'स्टॅटिस्टिक्स' किंवा 'ट्रॅफिक' अशा नावाचं पान शोधा. तिथं वॅन नावाची ओळ असेल. तुमच्या घरातून बाहेर जाणारं आणि बाहेरून आत येणारं सगळं तिथं मोजलं जातं. लॅन (घरातल्या घरातली जोडणी) किंवा वायफायच्या ओळींकडे बघू नका. लॅपटॉपवरून प्रिंटरला पाठवलेली फाइलही त्यात धरलेली असते आणि तिचा कंपनीशी काही संबंध नाही.

आलेले आणि गेलेले असे दोन आकडे मिळतील. त्यांची बेरीज करा. रोज एका ठरावीक वेळी, झोपण्याआधी म्हणा, ती वहीत किंवा शीटमध्ये लिहा आणि शेजारच्या रकान्यात कंपनीच्या ॲपमधला आकडा लिहा. दहा-पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागतं. दोन्ही रकाने हातात हात घालून वाढत असतील तर मीटर ठीक आहे, गळती घरातच आहे. कंपनीचा रकाना मध्येच एखाद्या दिवशी उडी मारत असेल तर त्या तारखेवर खूण करा. कंपनीचं मीटर बऱ्याचदा काही तास मागे असतं, त्यामुळे एका दिवसाचा फरक दुसऱ्या दिवशी मिटला तर त्यात काही काळंबेरं नाही.

दोन खाचखळगे. वीज गेली किंवा राउटर बंद-चालू केला की अनेक राउटरचे आकडे शून्यावर येतात, म्हणून बंद करण्याआधी आकडा टिपून घ्या. आणि जुन्या, स्वस्त राउटरमध्ये मोजणीची जागाच लहान असते: ४.२९ जीबी झाले की काटा परत शून्यापासून सुरू होतो. १०० एमबीपीएसवर पूर्ण वेगाने काही उतरवत असाल तर सहा मिनिटांच्या आतच तो एक फेरी मारतो. आकडे विचित्र, कधी कालच्यापेक्षा आज कमी असे दिसले तर हेच झालंय. अशा वेळी थोडा बरा राउटर घ्या, किंवा जुन्यावर चालत असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात व्हीएनस्टॅट महिन्याची नोंद ठेवतं आणि एनएलबीडब्ल्यूमॉन कोणत्या उपकरणाने किती खाल्लं ते वेगळं दाखवतं. हे तुमच्याने होणार नसेल तर ओळखीतल्या एखाद्या जाणत्या पोराला एका संध्याकाळी घरी बोलवा. कंपनीचा तंत्रज्ञ यात हात घालणार नाही.

आता सगळ्यात बोलका पुरावा. एका रात्री झोपताना कंपनीचा आकडा वेळेसकट दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मोडेमची, म्हणजे बाहेरची लाइन जिथं येते त्या डब्याची, वायरच काढून ठेवा. सकाळी परत लावा. लगेच काही ठरवू नका, मीटर मागे असतं म्हणून दिवसभर थांबा. ज्या तासांत लाइन तुटलेली होती त्या तासांपुढे कंपनीच्या नोंदीत वापर दिसला तर पुढचा सगळा वाद त्या एका कागदावर उभा राहू शकतो. नाही दिसला तर तेही चांगलंच, निदान मीटर खोटं आहे ही शंका गेली.

राउटर आणि कंपनीच्या आकड्यांत दोन-चार टक्क्यांची तफावत राहणारच. डेटा छोट्या तुकड्यांतून, म्हणजे पॅकेटमधून, जातो आणि प्रत्येक पॅकेटला पत्त्याचं वेष्टण असतं, ते कोण कुठपर्यंत मोजतं यावर हा फरक अवलंबून आहे. एककांचा फरक वजा करूनही तफावत दहा टक्क्यांपुढे, तीही महिनोन्महिने, असेल तर मात्र विचारायला हवं.

पायरी ४: डेटा खाणारा शोधा

संशय नेहमी फोन हातात घेऊन बसलेल्या पोरांवर जातो. खरा खाणारा बहुधा भिंतीवर असतो. पाळतीचा कॅमेरा सतत क्लाउडवर चित्रण पाठवत असेल आणि त्याचा वेग फक्त २ एमबीपीएस असेल, तरी दिवसाला २१.६ जीबी होतात, तीस दिवसांचे ६४८. तेही सगळं अपलोड, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हालचाल झाली तरच' असा पर्याय असतो, तो लावा, किंवा मेमरी कार्डावर चित्रण ठेवा.

त्याखालोखाल टीव्ही. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे बघा: साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ आणि फोर-केला ७. रोज तीन तास फोर-के म्हणजे महिन्याला ६३० जीबी. तेच एचडीवर आणलं तर २७०. लहान टीव्हीवर लांबून बघताना हा फरक डोळ्यांना कळतही नाही, बिलाला कळतो. दर्जा टीव्हीवरून नव्हे, खात्याच्या सेटिंगमधून प्रोफाइलगणिक बदला म्हणजे तो तसाच राहतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याला लावलेला डबा चालूच राहून भाग पुढे पुढे वाजवत बसतो, असंही होतं. ऑटोप्ले बंद करा.

गेम खेळण्याला डेटा फारसा लागत नाही. गेम उतरवायला लागतो. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात आणि त्यांचे अपडेट वेगळे. नवीन फोन घेतला की जुने फोटो आणि व्हिडिओ परत वर चढवले जातात, त्या महिन्यात काटा उडणारच. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. ती तुमच्या कॉम्प्युटरवर उतरलेले अपडेट इतरांच्या कॉम्प्युटरना पुरवू शकते. ती एकतर बंद करा किंवा फक्त घरातल्या नेटवर्कपुरती ठेवा. विंडोजच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' हे बटण आहे, ते चालू केलं की बरेच अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत. व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना दीड-दीड एमबीपीएस धरले तरी तासाला १.३५ जीबी, म्हणजे घरून काम करणाऱ्याला त्याची धास्ती नको. मेल, बातम्या, मेसेज यांचा विचारच करू नका.

वायफायचा पासवर्ड बदला. उपकरणांच्या यादीत ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर घाबरण्याआधी घरातलं एकेक उपकरण बंद करून बघा. बहुतेक वेळा तो एखादा विसरलेला टॅब्लेट निघतो.

पायरी ५: फोन करा, पण तयारीने

बिल चुकीचं वाटत असेल तर वाद नसलेला भाग वेळेवर भरा. पूर्ण बिल अडवलं तर विषय मीटरचा राहत नाही, थकबाकीचा होतो. मग फोन. पहिला माणूस पाठ केलेलं बोलतो, त्यात त्याचा दोष नाही. संवाद साधारण असा होतो:

'सर, आमच्या सिस्टीमनुसार तुमचा वापर १,१४० जीबी झालाय.'

'बरोबर, माझ्याकडेही तो आकडा आहे. माझ्या राउटरवर त्याच काळात ९१० दिसतात. एककाचा फरक धरून ते ९७७ होतात. उरलेल्या १६३ जीबीबद्दल विचारतोय. १२ तारखेच्या रात्री अकरा ते सकाळी सात मोडेम बंद होता, त्या वेळेत तुमच्याकडे १८ जीबी वापर दिसतोय. तासागणिक नोंद पाठवाल का?'

'सर, वायफाय कुणी वापरत असेल...'

'मोडेमची वायर काढलेली होती. तक्रार नोंदवून घ्या आणि नंबर द्या, मी थांबतो.'

यात आवाज चढवलेला नाही आणि अपमानही केलेला नाही. आकडा, तारीख, मागणी आणि तक्रारीचा नंबर, एवढंच. 'नोंद देता येत नाही' असं म्हणाले तर तेही ईमेलवर मागा. तासागणिक हिशेब न दाखवता पैसे मागणाऱ्या कंपनीचं लेखी उत्तर पुढे नियामकाकडे कामाला येतं.

वाद मीटरचा नसून दराचा असेल तर कनेक्शन बंद करायचं आहे असं सांगा, म्हणजे गिऱ्हाईक टिकवणाऱ्या विभागाकडे फोन जातो. सवलत द्यायचे अधिकार सहसा तिथंच असतात. 'अमर्याद' पर्यायासाठी महिन्याला जादा पैसे मागतील. मागच्या सहा महिन्यांत जादा वापरापोटी भरलेले पैसे आणि सहा महिन्यांचा हा हप्ता शेजारी शेजारी मांडा. उत्तर तिथंच मिळतं. वर्षातून एखाद्याच महिन्यात मर्यादा ओलांडत असाल तर तो पर्याय घेऊ नका, धाक दाखवून विकण्यासाठीच तो ठेवलेला असतो.

पायरी ६: दुसरी कंपनी खरोखरच नाही का, ते तपासा

एखाद्या भागात एकच कंपनी का उरते? रस्ते खोदून घराघरात केबल नेण्याचा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. पहिल्या कंपनीने तो केला की दुसरीला तेवढाच खर्च करून अर्धीच गिऱ्हाइकं मिळतील अशी भीती असते, म्हणून ती येत नाही. यावर काही देशांनी तोड काढली: केबल एकाची, पण तिच्यावरून सेवा विकायची मुभा अनेकांना. ब्रिटनमध्ये ओपनरीच या कंपनीच्या लाइनवर वेगवेगळ्या कंपन्या सेवा देतात. काही गावांनी स्वतःच केबल टाकली. अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराच्या वीजसंस्थेने २०१०मध्ये सेकंदाला एक गिगाबिट (१,००० मेगाबिट) वेगाची सेवा सुरू केली, तेव्हा मोठमोठ्या शहरांतही ती नव्हती.

तुमच्यापुरतं बघायचं तर कंपन्यांच्या नकाशावर विसंबू नका, अख्खा भाग रंगवलेला असतो आणि नेमकी तुमची गल्ली सुटलेली. घराचा पूर्ण पत्ता टाकून तपासा, आणि शेजाऱ्यांना विचारा. त्याच केबलवर सेवा पुनर्विक्री करणारी छोटी कंपनी आहे का ते शोधा, तिच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. मोबाइल कंपनीचं घरगुती फाइव्ह-जी आणि छतावर अँटेना लावून मिळणारं बिनतारी कनेक्शन हेही पर्याय आहेत, मात्र संध्याकाळच्या गर्दीत ते कसं चालतं ते आधीच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन बघा. उपग्रहाचं घेत असाल तर कोणता उपग्रह ते विचारा. जुने ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यांच्यावर प्रत्येक क्लिकला अर्ध्या सेकंदाहून जास्त वाट बघावी लागते. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथं हा त्रास नाही. मर्यादेची बारीक अक्षरं मात्र त्यांच्याकडेही वाचायचीच.

पायरी ७: वर जा, आणि एकटे जाऊ नका

बहुतेक देशांत दूरसंचाराचा नियामक असतो आणि आधी कंपनीकडे तक्रार केलीत का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. तक्रारीचा नंबर त्यासाठीच घेतला होता. अर्ज एका पानाचा करा: काय विकत घेतलं, काय मोजलं गेलं, माझ्याकडे काय मोजलं गेलं, कंपनी काय म्हणाली, मला काय हवं. सोबत वहीची पानं आणि स्क्रीनशॉट. गेल्या दहा वर्षांचा संताप त्यात घालू नका, वाचणाऱ्याला नेमकी मागणी सापडत नाही.

यातून काही होतं का? २००९मध्ये टाइम वॉर्नर केबलने अमेरिकेतल्या काही शहरांत ५ ते ४० जीबीच्या मर्यादा आणायचं ठरवलं. गिऱ्हाईक आणि लोकप्रतिनिधी असे उठले की एप्रिलमध्येच तिने बेत गुंडाळला. कॅनडातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथं छोट्या कंपन्या बेल कॅनडा या मोठ्या कंपनीच्या लाइनवरून सेवा द्यायच्या. २०११च्या जानेवारीत तिथल्या नियामकाने, सीआरटीसीने, बेलला या छोट्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांवरही वापरानुसार आकारणी करायची मोकळीक दिली. टेकसॅव्ही या छोट्या कंपनीने ऑन्टारिओतल्या गिऱ्हाइकांना कळवलं की २०० जीबीची मर्यादा आता २५वर येणार. चार लाखांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, उद्योगमंत्री टोनी क्लेमेंट यांनी निर्णय उलटवू असं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये सीआरटीसीने पद्धतच बदलली: छोट्या कंपन्यांनी गिऱ्हाइकागणिक जीबीचे नव्हे, तर गर्दीच्या वेळी लागणाऱ्या क्षमतेचे पैसे द्यायचे किंवा सरसकट दर भरायचा. सुरुवातीला लिहिलेलं पाच मिनिटांच्या नोंदींचं तत्त्व याच जातीचं.

कंपन्यांचं विलीनीकरण चाललं असेल तेव्हा तर हरकत नोंदवाच, कारण त्या वेळी नियामकाच्या हातात अटी घालायची ताकद असते. २०१६मध्ये चार्टर या अमेरिकी केबल कंपनीने टाइम वॉर्नर केबल घेतली तेव्हा एफसीसीने सात वर्षं डेटा-मर्यादा लावायची नाही अशी अट घातली होती. चार्टरने ती लवकर उठवायची विनंती केली, पण २०२१च्या सुरुवातीला मागे घेतली. त्यामुळे तिच्या गिऱ्हाइकांना २०२३पर्यंत मोजणीविना इंटरनेट मिळालं, आणि शेजारच्या कंपनीचे गिऱ्हाईक त्याच काळात जीबी मोजत बसले होते.

इमारतीतली किंवा गल्लीतली दहा-बारा घरं एकत्र आली तर नव्या कंपनीकडे लाइन वाढवण्याचा लेखी अंदाज मागा. एका घरासाठी जो खर्च तिला परवडत नाही तो बारा घरांसाठी परवडू शकतो.

आणि कंपनी बदलायची वेळ आलीच तर नवं कनेक्शन चालू होऊन चार-पाच संध्याकाळी गर्दीच्या वेळी वापरून बघेपर्यंत जुनं तोडू नका. तोडण्याची विनंती लेखी द्या, बिलाच्या चक्राच्या शेवटच्या दिवसाची. मोडेम भाड्याचा असेल तर परत करताना त्याचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि शेवटचं शून्य थकबाकीचं बिल हातात येईपर्यंत मीटरची वही आणि ही पावती एकत्र ठेवा. परत केलेल्या मोडेमचं भाडं तीन महिन्यांनी मागणारा मेसेज आला तर उत्तरात त्या पावतीचा फोटो पाठवून द्या.